ज्याचे ताट, त्याचा काटा

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बाजारपेठेतून एक फेरी मारावी. दुकानादुकानांतून चोपड्यांच्या शेजारी तराजूही पूजेला मांडलेला दिसतो. पूर्वी तो पितळी पारड्यांचा असे. आता बहुतेक ठिकाणी लाल आकडे उजळणारा विजेचा काटा असतो. पण हळदीकुंकवाची बोटे त्यालाही लागतात, झेंडूचे एक फूल त्यालाही मिळते. लक्ष्मी मापातून येते आणि मापात खोट आली की निघून जाते, हे व्यापाऱ्याचे पिढीजात शहाणपण या पूजेमागे आहे. गंमत अशी, की हाच काटा दुकानातून निघून स्वयंपाकघरात आला आणि करंज्यांच्या डब्याशेजारी बसला, की घरातल्या माणसांच्या कपाळाला आठ्या पडतात. 'आता काय घास मोजून खायचे?' असे कोणीतरी म्हणतेच. आणि त्या म्हणण्यात नुसती चेष्टा नसते, कुठेतरी दुखावलेपणाही असतो. दुकानात जो पूज्य, तो ओट्यावर आल्याबरोबर अपशकुनी का व्हावा?

हा प्रश्न मला पुस्तकातून सुचलेला नाही. आमच्या ओट्यावर असा काटा गेली तीन वर्षे आहे. रक्तातली साखर वाढली आहे, वजन पाच-सहा किलोंनी उतरायला हवे, असे निदान झाले आणि आहार आखून देणाऱ्या बाईंनी माझ्या हातात एक तक्ता ठेवला. तांदूळ इतके ग्रॅम, कणीक इतकी, तेल इतके. तक्त्यापाठोपाठ काटा आला. बशीएवढा, काचेच्या पाठीचा. त्याच्या पोटात धातूची एक लहानशी पट्टी असते. वर भार ठेवला की ती डोळ्यांना न दिसण्याइतकी वाकते, तिला चिकटवलेल्या बारीक तारेचा विद्युत्‌रोध तेवढ्याच अंशाने बदलतो, आणि तो बदल ग्रॅमच्या आकड्यांत समोर उमटतो. आधी रिकामे भांडे ठेवून एक बटण दाबायचे, की भांड्याचे वजन वजा होऊन शून्य दिसते. जुने वाणी तेलाच्या भांड्याचा 'धडा' करून घेत, त्यातलीच ही गोष्ट.

या काट्याने पहिल्या आठवड्यातच दाखवून दिले, की माणसाचा डोळा आकार पाहतो, भार पाहत नाही. चुरमुऱ्यांनी बशी शिगोशीग भरली तरी वजनाला ती जेमतेम भरते. शेंगदाण्यांची लहानशी मूठ मात्र तीस ग्रॅमची निघते, आणि तीस ग्रॅम दाण्यांत सुमारे १७० कॅलरी असतात. पिष्ट पदार्थांच्या वा प्रथिनांच्या एका ग्रॅमातून चार कॅलरी मिळतात, तुपातेलाच्या एका ग्रॅमातून नऊ. म्हणून फोडणीला तेल सोडताना हात जरा सैल पडला, तर एका पोळीचा हिशेब तिथेच होऊन जातो. 'एक वाटी भात' म्हणावे, तर वाटी घरोघर निराळी. पन्नास ग्रॅम तांदळाचा भात पाण्याच्या मानाने कधी सव्वाशे ग्रॅम होतो, कधी दीडशे. म्हणून मोजायचे ते कोरडेच मोजायचे. 'थोडेसे', 'बेताचे', 'अगदी चवीपुरते' हे आपल्या जेवणातले गोड शब्द. त्यांचा अर्थ आपण आपल्या जिभेला विचारून ठरवतो. काट्याला जीभ नाही. तो खरे बोलतो, आणि बोलताना तोंड वाकडे करीत नाही.

मग आपल्याला ते का बोचावे? मला वाटते, बोचण्याचे कारण जुने आहे आणि ते टाकाऊ नाही. अन्नाला परब्रह्म मानणारी माणसे आपण. खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणण्याची आपली रीत. जेवणाऱ्याच्या पानाकडे टक लावून पाहू नये, टोपल्यातल्या भाकऱ्या मोजू नयेत, हे आमच्या लहानपणी दटावून सांगत. मोजले की दृष्ट लागते, मोजले की बरकत जाते. या समजुतींच्या मुळाशी भीती आहे, तशी एक सभ्यताही आहे. माझ्या दारात जेवायला बसलेल्याला, आपण मोजले जात आहोत असे क्षणभरही वाटू नये, अशी ती सभ्यता.

पण म्हणून आपले स्वयंपाकघर बिनमापाचे होते असे मुळीच नाही. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. १ ऑक्टोबर १९५८ पासून देशात किलोग्रॅमची पद्धत टप्प्याटप्प्याने येऊ लागली. तोवर, आणि खेड्यापाड्यांतून त्यानंतरही कित्येक वर्षे, घरोघर हीच मापे नांदत होती. माझी आई कोठीतून तांदूळ काढताना माणसे मनाशी मोजी, त्या मानाने मापे घेई, आणि शेवटी एक मूठ वरची टाकी. ती मूठ अवचित येणाऱ्या पाहुण्याची. म्हणजे माप होते. ते पातेल्याला होते, पानाला नव्हते. पातेले मोजून चढवायचे आणि पान मोकळे ठेवायचे, ही जुन्या घराची रीत. मला ती अजूनही सुंदर वाटते.

तिच्यात एकच हिशेब लिहायचा राहून जाई. पातेले मोजलेले आणि पाने मोकळी, तर कमी पडेल ते कोणाच्या पानातून? याचे उत्तर सगळ्यांना ठाऊक होते, म्हणूनच कोणी विचारीत नसे. आधी पुरुषांची पंगत, मग मुलांची, आणि सगळ्यांचे झाल्यावर जी बसायची तिच्या पानात खरवड, तळची आमटी, सकाळची अर्धी भाकरी. एखाद्या दिवशी चार माणसे जास्त आली, तर 'मला आज भूकच नाही' एवढे एक वाक्य पुरत असे. तिला कोणी मोजून वाढत नव्हते हे खरे. पण तिचे माप दररोज ठरत होते, आणि ते इतरांच्या भुकेने ठरत होते. न मोजण्यात नेहमीच उदारपणा असतो असे नाही. कधीकधी ज्याला कमी मिळते त्याचे कमी न दिसण्याची ती सोय असते.

मोजून खाणाऱ्यांचीही एक परंपरा आहे, आणि तीत भली माणसे आहेत. इटलीतल्या पादुआजवळ लुइजी कोर्नारो नावाचा एक सरदार होऊन गेला. तरुणपणच्या चैनीने प्रकृती पार ढासळली, तेव्हा त्याने दिवसाला बारा औंस अन्न आणि चौदा औंस द्राक्षाची दारू असे माप बांधून घेतले. बारा औंस म्हणजे तीन-साडेतीनशे ग्रॅम. म्हातारपणी घरच्यांनी आणि मित्रांनी फार गळ घातली, म्हणून त्याने दोन्हींत दोन-दोन औंस वाढवले. थोड्याच दिवसांत तो तापाने अंथरुणाला खिळला आणि पुन्हा आपल्या मापावर आला. मिताहारावरचे त्याचे पुस्तक १५५८ साली निघाले आणि युरोपभर वाचले गेले. त्याच पादुआच्या विद्यापीठात पुढे सांतोरिओ हा वैद्य प्राध्यापक झाला. त्याने तर तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून वर्षानुवर्षे स्वतःचे, आपल्या अन्नाचे आणि मलमूत्राचे वजन केले, आणि १६१४ साली लिहून ठेवले, की आठ पौंड पोटात गेले तर त्यांतले पाच कोणाच्या नजरेस न येता अंगावाटे उडून जातात. शरीराच्या व्यवहाराचा इतका चोख जमाखर्च त्याच्याआधी कोणी ठेवल्याचे प्रसिद्ध नाही.

आपल्याकडेही हा विचार परका नाही. फार खाणाऱ्याला योग नाही आणि उपाशी राहणाऱ्यालाही नाही, असे गीतेच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे. त्यावर भाष्य करताना ज्ञानेश्वरांनी आहाराला चक्क मापाचीच भाषा लावली आहे. गांधीजींनी १९१५ साली हरद्वारच्या कुंभमेळ्यात दिवसाला पाचाहून अधिक पदार्थ न खाण्याचे व्रत घेतले. आणि पुढे पुण्याच्या आगाखान राजवाड्यात स्थानबद्ध असताना आरोग्यावर जे पुस्तक लिहिले, त्यात दूध, धान्य, भाज्या, तूप यांची रोजची प्रमाणे औंसांत मांडून दिली. या सगळ्या माणसांत एक गोष्ट समान दिसते. काट्यावर आधी त्यांनी स्वतःचे ताट ठेवले. दुसऱ्याला सांगितले असेल ते नंतर.

आणि इथेच मापाची दुसरी, काळी परंपरा आठवते. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये आणि मद्रास इलाख्यात मोठा दुष्काळ पडला. व्हाइसरॉयच्या वतीने पाहणीस आलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी १८७७ साली दुष्काळी कामावरच्या माणसाची मजुरी बांधून दिली, ती दिवसाला एक रत्तल धान्य आणि वर किरकोळ पैसे. एक रत्तल म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम. दिवसभर खडी फोडायची, माती वाहायची आणि एवढ्यावर जगायचे. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉक्टर कॉर्निश यांनी याला कडाडून विरोध केला. कष्टकऱ्याला निदान दीड रत्तल धान्य हवे, शिवाय डाळ हवी, भाजी हवी, असे त्यांचे म्हणणे होते. इकडे मुंबई इलाख्यातले मजूर काम सोडून निघाले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. अखेर मद्रास सरकारने सव्वा रत्तल धान्य आणि दीड औंस डाळ एवढी वाढ केली. दोघांच्याही हातात तराजूच होता, हे लक्षात घ्यावे. टेंपलसाहेबांनी माणूस किती कमीत टिकतो ते मोजले; कॉर्निशसाहेबांनी माणसाला किती लागते ते मोजले. लोखंडी वजने तीच. फरक होता तो दुसऱ्याच्या पोटाविषयी काय विचारायचे यात.

मोजून कमी खायला घातले तर माणसाच्या मनाचे काय होते, याचाही एक प्रयोग झालेला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस युरोपातल्या उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा खाते कसे करावे, हे कळावे म्हणून अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी १९४४-४५ साली छत्तीस तरुणांवर तो केला. हे सर्वजण स्वखुशीने आले होते. सहा महिने त्यांना दिवसाला सुमारे दीड हजार कॅलरींचे मापून अन्न दिले, आणि त्यांचे वजन सुमारे पावभागाने उतरले. पण त्याहून विचार करण्याजोगे असे, की त्या तरुणांना अन्नाखेरीज दुसरे काही सुचेना. ते पाकक्रियांची पुस्तके जमवू लागले, ताटे चाटू लागले, एकेक घास तासभर घोळवू लागले. जगाचे भले करायला निघालेली ती सुशिक्षित माणसे बटाट्याची स्वप्ने पाहू लागली. मापाने ताट आवरते, पण गरजेच्या खाली गेले की तेच माप मन व्यापून टाकते.

हे सर्व दूरच्या काळातले म्हणून सोडून देता आले असते, तर हा लेख लिहायचे कारण नव्हते. परंतु आता काटा घरात आला आहे आणि घर म्हटले की अनेक ताटे आली. माझ्या ओळखीच्या एका घरात चौदा वर्षांची मुलगी आहे, गुणी, हुशार. तिच्या आईने स्वतःसाठी काटा आणला. काही महिन्यांतच मुलगी द्राक्षे मोजून खाऊ लागली, बदाम परत डब्यात टाकू लागली, आणि आकडा कमी आला की तिच्या चेहऱ्यावर एखादे बक्षीस मिळाल्यासारखा आनंद दिसू लागला. आजीला आधी कौतुक वाटले, मग धास्ती. शेवटी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे लागले. त्यांनी पहिली गोष्ट केली, ती म्हणजे काटा घरातून हलवायला सांगितले. वाढत्या वयाच्या मुलीला ग्रॅमची नव्हे, घासांची गरज असते. काट्याने तिला जे सांगितले ते खोटे नव्हते. पण 'किती' या प्रश्नाच्या जागी ती 'मी चांगली की वाईट' हा प्रश्न विचारू लागली होती, आणि त्या प्रश्नाचे उत्तर ग्रॅममध्ये येत नाही.

याच काट्याची दुसरी गोष्ट माझ्या धाकट्या जावेची. तिच्या हाडांची झीज होऊ लागली म्हणून डॉक्टरांनी तीन दिवसांचे खाणे वजनासकट लिहून आणायला सांगितले. ती हसत हसत आमच्याकडे आली आणि काटा घेऊन गेली, म्हणाली, "वहिनी, माझे काय मोजायचे? मी मेली खातेच किती!" तीन दिवसांनी वही उघडली तेव्हा ती स्वतःच गप्प झाली. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० सालच्या प्रमाणाप्रमाणे किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. तिच्या पन्नास किलोंना बेचाळीसच्या आसपास हवीत. वहीतली जेमतेम पंचवीस भरली. वीस ग्रॅम तुरीच्या डाळीत चार-साडेचार ग्रॅम प्रथिने. तिची आमटी त्याहून पातळ. दही नवऱ्याला, उसळ मुलाच्या डब्यात, अंडे नातवाला. घरात काही कमी नव्हते, कोणी तिला अडवीत नव्हते. सकाळपासून रात्रीपर्यंत ती सर्वांना वाढत होती, आणि स्वतःच्या ताटाकडे चाळीस वर्षांत कोणी पाहिले नव्हते, तिनेही नाही. आता ती रोज सकाळी आपली डाळ निराळी मोजून घेते आणि ती पातेल्यात पडली की नाही हे पाहून मग फोडणी देते. तिला काट्याने कमी खायला शिकवले नाही. आपलाही वाटा असतो, हे शिकवले.

म्हणून काटा चांगला की वाईट, हा प्रश्नच मला आता अपुरा वाटतो. विचारायला हवे ते हे, की ताट कोणाचे आणि काट्याला हात कोणाचा. महाभारताच्या शांतिपर्वात जाजली नावाचा एक तपस्वी आहे. त्याच्या जटेत पक्ष्यांनी घरटे केले तरी तो हलला नाही. आपण धर्म गाठला, असे त्याला वाटू लागले. तेव्हा त्याला ज्याच्याकडे शिकायला जावे लागले, तो होता वाराणसीचा एक दुकानदार, तुलाधार. माझा तराजू सर्व भूतांना सारखा आहे, एवढाच त्याचा धर्म. आणि शिबीची कथा तर आपण लहानपणापासून ऐकतो. ससाण्याला त्याचे अन्न हवे आणि कबुतराला जीव. तेव्हा राजाने तराजू मागवला आणि पारड्यात टाकले ते स्वतःचे मांस. आपल्या पूर्वजांनी तराजूला जे पावित्र्य दिले, ते या दोन अटींवर दिलेले दिसते. तो सर्वांना सारखा असावा, आणि काही कमी करायची वेळ आली, तर ते पहिल्यांदा आपल्या अंगचे कमी व्हावे.

यावर कोणी म्हणेल, की मग आजाऱ्याचे पथ्य कोणी सांभाळायचे? लहान मुलाचे, स्मृती गेलेल्या वृद्धाचे ताट दुसऱ्यानेच पाहावे लागते. खरे आहे. पण तिथे आपण कॉर्निशसाहेबांच्या बाजूला उभे असावे: याला किती लागते, हे मोजायला. शहाण्यासवरत्या माणसाच्या बाबतीत मात्र नवऱ्याने बायकोच्या पोळ्या मोजू नयेत, सासूने सुनेचे तूप पाहू नये, आणि नव्या काळातल्या सुनेनेही सासऱ्यांच्या हातातला लाडू सर्वांदेखत काढून घेऊ नये. एकदा शांतपणे सांगावे, तक्ता दाखवावा, काटा ओट्यावर ठेवावा. पुढचे ज्याचे त्याने.

आणि हाच न्याय आपल्या लाडक्या आग्रहालाही लागू होतो, हे सणासुदीच्या तोंडावर म्हणणे थोडे धाडसाचे आहे. दुसऱ्याच्या ताटातून काढण्याचा आपल्याला अधिकार नाही, तसा त्यात टाकण्याचाही नाही. कोर्नारोला तापाने पाडले, ते त्याच्या शत्रूंनी नव्हे. पाहुणा पानावर आडवा हात धरतो आणि आपण त्या बोटांच्या फटीतून जिलबी सोडतो. पाहुणा हसतो, पंगत हसते. त्यात प्रेम असते, यात शंका नाही. पण आपले प्रेम किती, हे दाखवायला आपण त्याचे पोट माप म्हणून वापरतो, हेही तितकेच खरे. एकदा विचारावे, आर्जवाने दुसऱ्यांदा विचारावे, आणि तिसऱ्यांदा तो 'पुरे' म्हणाला, की झारा मागे घ्यावा. 'पुरे' हा शब्द ज्याचा त्यालाच उच्चारता यायला हवा.

यंदाच्या फराळाला आमच्याकडे चकल्या आहेत, अनारसे आहेत, बेसनाचे लाडूही आहेत. लाडू वळताना मी प्रत्येक गोळा तीस ग्रॅमचा केला आहे, म्हणजे ज्याला मोजायचे आहे त्याला मोजता येईल आणि ज्याला मोजायचे नाही त्याला कळणारही नाही. माझ्या वाट्याला रोज एक, आणि भाऊबिजेला दोन, असे मी माझ्यापुरते ठरवले आहे. वाचकांना माझी एवढीच विनंती, की पाडव्याच्या पंगती उठल्यावर, सगळ्यांच्या शेवटी जी ताट घेऊन बसेल, तिच्यासाठी पातेल्यात काय राहिले आहे हे झाकण उचलून पाहावे. तेवढे एक माप मात्र दुसऱ्याने घ्यायला हरकत नाही.